आधी टेबल रिकामं करायचं की आधी कप्पा?



संगणक शिकवताना ‘फाइल कापली की जागा मोकळी होते’ असं एका वाक्यात सांगून आपणच मोकळे होतो. मला हे पटत नाही. त्या वाक्यात दोन कामं आहेत आणि धोका त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे.

संगणक डिस्कवरून वाचलेला मजकूर मेमरीत पानापानाने जपून ठेवतो. याला पेज कॅश म्हणतात. लिनक्समध्ये एक पान बहुतेक ४०९६ बाइटचं असतं. पुढच्या वेळी वाचायचं ते मेमरीतूनच. बदलही आधी मेमरीत होतो, डिस्कवर नंतर जातो.

आता आपल्या द्विशिक्षकी शाळेचं कपाट म्हणजे डिस्क आणि वर्गातलं टेबल म्हणजे पेज कॅश समजा. पाचव्या कप्प्यातले जुने नकाशे काढून टाकायचे ठरले. मी टेबलावरचे नकाशे उचलले. आता कप्पा मोकळा करणार, तेवढ्यात एक पोरगा आला. टेबलावर नकाशा नाही म्हणून त्याने कप्प्यातून काढून पुन्हा टेबलावर आणला. मला पत्ताच नाही! मी कप्पा मोकळा केला आणि दुसऱ्या बाईंनी तिथे पहिलीच्या वह्या ठेवल्या. संध्याकाळी पोराने रंगवलेला नकाशा इमानदारीने पाचव्या कप्प्यात, वह्यांच्या जागी ठेवून दिला. वह्या गेल्या. चूक कोणाची? पोराची तर नाहीच.

मग क्रम उलटा करू, असं कोणी म्हणेल. ते तर आणखी वाईट. कप्पा दुसऱ्याचा झाला तरी टेबलावरचा नकाशा ‘माझी जागा पाचवा कप्पा’ असंच म्हणत राहतो.

फाइल शेवटाकडून कापताना लिनक्स आधी फाइलची लांबीच कमी नोंदवतं. उशिरा आलेल्याला ‘याच्या पुढे काही नाही’ हे दिसतं आणि तो परत जातो. पण फाइलच्या मधोमध भोक पाडलं तर लांबी तेवढीच राहते, म्हणून ही ढाल चालत नाही. एक्सटी-४, एक्सएफएस यांनी आपापली कुलपं बसवली होती. पुढे यान कारा या चेक अभियंत्याच्या कामातून सर्वांसाठी एकच कुलूप तयार झालं आणि २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ मध्ये आलं. टेबलावर पानं आणणारे कितीही जण एकाच वेळी आत येऊ शकतात, काढून टाकणारा मात्र एकटाच, आणि टेबल व कप्पा दोन्ही होईपर्यंत दार बंद.

कुलपाने काम मंदावतं, अशी तक्रार असते. थोडं मंदावतंही. पण इथे जाणारी फाइल दुसऱ्याचीच असते, आणि हजार वेळा बरोबर चालून एकदाच बिघडतं. पुन्हा करून दाखवा म्हटलं तर होत नाही. मग ‘सर, तुम्हीच काहीतरी डिलीट केलं असेल’ हे ऐकून घ्यावं लागतं. मीही ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर मुलांना ऐकवलंयही.

म्हणून चौथीत मी व्याख्या लिहून देत नाही. दोन मुलं, एक टेबल, एक कपाट, एक किल्ली. आधी किल्लीशिवाय खेळायला लावतो. तिसऱ्या-चौथ्या डावात भांडण होतंच, तेव्हा किल्ली काढतो.