यंत्र बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

क्वार्ट्झ घड्याळाला दुरुस्ती नसते, असे एक मत आपल्याकडे रूढ झाले आहे. आणि ते घड्याळजींनीच रूढ केले, ही त्यातली विपरीत गोष्ट. चावीच्या घड्याळापुढे डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसणारा कारागीर क्वार्ट्झचे झाकण उघडताच अधीर होतो. सेल बदलून पाहतो. काटा हलला नाही तर आतले सबंध मशीन काढून नवे बसवतो. येथे म्हैसूरला, कुवेंपुनगरातल्या एका दुकानात, माझ्या एच. एम. टी.च्या जुन्या क्वार्ट्झची अशीच वासलात लागली. तबकडी जुनी, काटे जुने, यंत्र परके. त्याला दुरुस्त केलेले घड्याळ म्हणण्यास माझी तयारी नाही.

या यंत्रात गूढ असे काही नाही. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. सर्किट ही संख्या 15 वेळा निम्मी करते व सेकंदाला एक स्पंद उरतो. तो केसाहून बारीक तारेच्या कॉइलमधून जातो, चिमुकला चुंबक अर्धा फेरा फिरतो आणि चाके पुढे सरकतात. दोष या साखळीतच कोठे तरी असणार, आणि तो साध्या मीटरने शोधता येतो. सिल्व्हर ऑक्साइडचा ताजा सेल सुमारे 1.55 व्होल्ट दाखवतो. कॉइलचा रोध मोजता येतच नसेल, तर तार तुटली. कॉइल शाबूत असून स्पंद येत नसतील, तर संशय सर्किटवर. स्पंद येतात पण काटा जागीच थरथरतो, तेव्हा बहुधा वंगण घट्ट झालेले असते. तेथे सफाई हवी. गळलेल्या सेलचा क्षार संपर्कपट्टीवरून पुसला की पुष्कळ घड्याळे चालू लागतात. सेकंदकाटा दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारतो, तेव्हा तर कित्येक घड्याळांत बिघाडच नसतो. सेल संपत आल्याची ती सूचना असते!

पाठचिकित्सेचा धर्म याहून वेगळा नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि तीत पुढे कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. ओळ लागत नाही म्हणून सबंध अध्याय नव्याने रचणाऱ्यास आपण संपादक म्हणणार नाही.

नवे मशीन तासाभराच्या मजुरीहून स्वस्त पडते, हा घड्याळजींचा युक्तिवाद खोटा नाही. पण तो हिशेब गिऱ्हाइकाला आधी सांगावा, आणि काढलेले मशीन पुडीत बांधून परत द्यावे. केंद्र शासनाने जानेवारी 2016 मध्ये एच. एम. टी. वॉचेस कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आता तिचे नवे सुटे भाग यायचे कोठून? मोडक्या यंत्रातली एक धड कॉइल दुसरे घड्याळ चालवू शकते. माझे मशीन मी मागितले, तेव्हा ते केराच्या डब्यात गेले होते.