विक्री म्हणजे विजय नव्हे!

एखादी छोटी कंपनी बलाढ्य कंपनीने विकत घेतली की टाळ्यांचा कडकडाट होतो. विक्री हेच जणू पराक्रमाचे प्रमाणपत्र! ‘बेअरफूट नेटवर्क्स’चा इतिहास या भ्रमाला छेद देतो.

संगणकजालातील माहिती योग्य वाटेने धाडणाऱ्या स्विचच्या चिपमध्ये नियम कारखान्यातच कायमचे कोरलेले असत. नियम बदलायचा, तर नव्या चिपची वाट पाहायची. स्टॅनफर्डचे प्राध्यापक निक मॅकिऑन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी स्थापून या परावलंबनाला आव्हान दिले. २०१६ मध्ये त्यांची ‘टोफिनो’ चिप जगासमोर आली. सेकंदाला ६.५ टेराबिट वेग आणि नियम ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या हाती! लवचीकता हवी तर वेग सोडा, हे जुने पालुपद खोटे ठरले.

२०१९ मध्ये इंटेलने ही कंपनी घेतली. जानेवारी २०२३ मध्ये खर्चकपातीच्या काळात त्याच इंटेलने स्विच-चिपमधील पुढील गुंतवणूक थांबवली. बाजारपेठ अपुरी होती, असे समर्थक म्हणतील. असेलही, पण चिकाटीने झुंजायचे की थांबायचे, हा निर्णय तरी निर्मात्यांच्या हाती उरला होता काय?

तगली ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली मांडलेली ‘पी-फोर’ ही आज्ञाभाषा, कारण ती कोणा एकाच्या तिजोरीत नव्हती. मुलांच्या उद्योगाचे स्वप्न पाहणाऱ्या घरांनी म्हणूनच ‘कितीला विकली?’ याआधी ‘मागे काय उरले?’ हे विचारावे.