विश्लेषण : कर्करोग शस्त्रक्रियेआधीचा एक तास महत्त्वाचा का?

गर्भाशय, गर्भाशयमुख किंवा अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, की घरी निघालेल्या रुग्णाच्या पिशवीत अनेकदा पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या असतात. जखम चिघळू नये, ही त्यामागची काळजी. प्रत्यक्षात सर्वाधिक संरक्षण मिळते ते टेबलावर, चीर देण्याआधी टोचलेल्या इंजेक्शनमधून.

संसर्गाचा धोका का असतो?

योनिमार्गात जीवाणू मुळातच असतात. गर्भाशय काढताना योनीचा वरचा भाग उघडावा लागतो आणि हे जीवाणू पोटाच्या पोकळीत पोहोचू शकतात. अंडाशयाचा कर्करोग पसरलेला असेल, तर कधी आतड्याचा भागही कापावा लागतो. शस्त्रक्रिया तासन् तास चालते. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तक्षय असेल तर धोका आणखी वाढतो. त्यातच जखमेत पू झाला, तर पुढची केमोथेरपी किंवा रेडिएशन लांबणीवर पडू शकते. कर्करोगाच्या रुग्णासाठी हे नुकसान मोठे असते.

औषध आधीच का द्यायचे?

चीर दिली जाते त्या क्षणी औषध रक्तात आणि ऊतींत पुरेशा प्रमाणात हवे. जीवाणूंनी एकदा बस्तान बसवले, की तेच औषध फारसे उपयोगी पडत नाही. जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनिपिगवरील प्रयोगांतून हे दाखवले. १९९२ मध्ये अमेरिकेत विविध शस्त्रक्रियांच्या २,८४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्गाचे प्रमाण ०.६ टक्के होते. त्याहून आधी औषध दिलेल्यांत ते ३.८ टक्के, तर चीर देऊन तीन तास उलटल्यावर दिलेल्यांत ३.३ टक्के आढळले.

कोणते औषध, किती?

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत सहसा सेफाझोलिन वापरतात. प्रौढांसाठी नेहमीचा डोस २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा अधिक असल्यास ३ ग्रॅम. तो चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत शिरेतून देतात. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा दीड लिटरपेक्षा जास्त रक्तस्राव झाला, तर पुन्हा डोस द्यावा लागतो. आतड्यावर शस्त्रक्रिया होणार असेल, तर सहसा मेट्रोनिडाझोलची जोड दिली जाते.

मग नंतरच्या गोळ्या कशासाठी?

केवळ प्रतिबंध म्हणून अँटिबायोटिक शस्त्रक्रिया संपल्यावर सुरू ठेवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. दिवस वाढवल्याने संरक्षण वाढत नाही. उलट जुलाब आणि औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंचा धोका वाढतो. केमोथेरपीत प्रतिकारशक्ती घटते. तेव्हा संसर्ग झाला आणि औषधच लागू पडले नाही, तर जिवावर बेतू शकते. अर्थात संसर्ग झालेलाच असेल, तर तो उपचार वेगळा. डॉक्टरांनी त्यासाठी दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

पेनिसिलिन किंवा अन्य औषधाची ॲलर्जी असल्यास ती कधी आणि कशी झाली, हे सांगावे. रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी. शस्त्रक्रियेच्या जागचे केस घरी रेझरने काढू नयेत, कारण त्वचेवरच्या बारीक जखमा जीवाणूंना वाट करून देतात. घरी आल्यावर ताप, पू, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वाढती वेदना जाणवली, तर लगेच रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत चीर देण्याआधी विचारायचा एक प्रश्न आहे : गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिले का? रुग्णालयात ही यादी पाळली जाते का, हे रुग्णाने आधीच्या भेटीत जरूर विचारावे. नंतर किती दिवस गोळ्या लागतील, यापेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे.