चाकणचा कट्टा आणि दिल्लीचा कायदा

पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्याला एक ओळ पाठ झालेली असते. अमुक ठिकाणी सापळा रचून तरुणाला ताब्यात घेतलं, अंगझडतीत गावठी बनावटीचं पिस्टल आणि दोन जिवंत काडतुसं मिळून आली, आणि त्याच्यावर आर्म अ‍ॅक्ट कलम ३(२५), महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१)(३) सह १३५ प्रमाणे गुन्हा दाखल. पिस्टलऐवजी कोयता सापडला तर ३(२५) चं ४(२५) होतं, बाकी मजकूर तोच. या ओळीतलं पहिलं कलम संसदेच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आहे आणि दुसरं महाराष्ट्राच्या स्वतःच्या १९५१ च्या कायद्याचं. हवालदार एकाच फिर्यादीत दोन्ही सरकारांना कामाला लावतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

वावगं वाटतं ते आपल्यातल्या काही जाणत्यांना. चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात भंगाराच्या ठेक्यावरून किंवा जमिनीच्या वादातून गोळी सुटली, की त्यांची मागणी ठरलेली: पोलीस राज्याचे, गुन्हेगार इथला, मरणारा इथला, मग बंदुकीचा कायदा दिल्लीचा का? सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस या राज्यसूचीतल्या पहिल्या दोन नोंदी, आणि शस्त्रं, अग्निशस्त्रं, दारूगोळा मात्र केंद्रसूचीत पाचव्या क्रमांकावर. ही त्यांच्या मते घटनेतली विसंगती. ती दूर करा, महाराष्ट्राला स्वतःचा कडक शस्त्र कायदा करू द्या.

एरवी मी याच मंडळींच्या बाजूचा. जीएसटीने राज्यांची तिजोरी परस्वाधीन केली, वैद्यकीय प्रवेशाची किल्ली दिल्लीने खिशात घातली, तेव्हा त्यांनी केलेली ओरड रास्त होती. पण राज्यांचे अधिकार हा मंत्र सगळीकडे चालत नाही, आणि बंदुकीवर तर तो उलटतो.

कारण साधं आहे. चाकणला सापडणारा कट्टा चाकणला बनत नाही. ज्या एमआयडीसीत मोटारीचा हवा तो सुटा भाग बनतो, तिथे हा माल बाहेरून येतो! तपासात ज्या गावांची नावं पुन्हा पुन्हा निघतात, त्यात मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमरटी आहे, आपल्या जळगावच्या चोपडा तालुक्याला अगदी खेटून. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे शहर पोलिसांनी थेट तिथे जाऊन छापा घातला आणि भट्ट्या मोडल्या. आता समजा, शस्त्रं हा राज्याचा विषय असता. महाराष्ट्राने जन्मठेपेचा कायदा केला असता आणि मध्य प्रदेशाने दंडावर भागवलं असतं, तर सातपुडा ओलांडताना कट्टा कोणत्या कायद्याला घाबरला असता? आज बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप ही २०१९ च्या दुरुस्तीची शिक्षा उमरटीलाही लागू आहे आणि चाकणलाही. आपल्या कडक कायद्याचा काही उपयोग व्हायचा, तर तो भट्टीपर्यंत पोचायला हवा, आणि भट्टी आपल्या विधानसभेच्या हद्दीत नाही.

राज्याराज्यांचे वेगळे कायदे काय करतात, हे पाहायचं तर शिकागोला राहणाऱ्या आपल्याच मंडळींना विचारा. इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायला ओळखपत्र लागतं; शेजारच्या इंडियानात नियम सैल, आणि शिकागोत गुन्ह्यात सापडणाऱ्या बंदुकांचा मोठा वाटा तिथून येतो. मिझुरी राज्याने तर २०२१ मध्ये कायदाच केला, की बंदुकीबाबतचे काही केंद्रीय कायदे आमच्याकडे चालणार नाहीत. ते राबवायला मदत करणाऱ्या पोलीस खात्यांना जबर दंड. केंद्रीय न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. आपल्या चर्चेत 'राज्यांचे हक्क' हा शब्दप्रयोग तिथूनच उचललेला दिसतो, आणि तो इथे बसत नाही. तिथे शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. इथे ती परवान्यावरची सवलत आहे.

आपल्याकडेही ती हक्क होऊ शकली असती. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, त्या अपमानाची सल काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात दिसते. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवलेला आहे. त्याच ठरावाचा आधार घेऊन ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मानली नाही आणि सभेनेही नाही. म्हणजे वसाहतीच्या काळातली चीड आणि स्वतंत्र देशाची गरज यांतला फरक तिथे विचारपूर्वक केला गेला. केंद्रसूचीतली पाचवी नोंद याच विचाराच्या ओळीत बसते. तिला विसंगती म्हणणाऱ्यांनी ते वादविवाद एकदा चाळावेत.

राहिला प्रश्न राज्याच्या हातात काय उरलं याचा. जवळजवळ सगळंच. कायदा केंद्राचा असला तरी परवाना देणारा, तो रद्द करणारा, झडती घेणारा, आरोपपत्र ठेवणारा, प्रत्येक जण राज्याचा नोकर आहे. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी पुणे ग्रामीणमधून त्यात आली. शस्त्र कायद्यातली जिल्हादंडाधिकाऱ्याची व्याख्या अशी, की जिथे पोलीस आयुक्त आहे तिथे तोच जिल्हादंडाधिकारी. परिणामी चाकणच्या माणसाला परवाना कोण देणार, हे राज्याच्या एका निर्णयाने बदललं. संसदेत कुणी हातही वर केला नाही.

म्हणूनच दुसऱ्या टोकाच्या लोकांचं म्हणणंही मला पटत नाही. त्यांच्या मते राज्यं नालायक, तेव्हा परवान्याचं कामही केंद्राने घ्यावं. त्यांच्याकडे पुरावा आहे, हे कबूल. २०२५ मध्ये पुण्यात एका अर्जदाराला आयुक्तालयाने नाकारलेला परवाना अपिलात गृह राज्यमंत्र्यांनी मंजूर केला आणि गदारोळ उठला. त्याच वर्षी मुळशीच्या रहिवाशांनी पुणे शहरातला खोटा पत्ता दाखवून परवाने मिळवल्याचे गुन्हे नोंदले गेले. आपल्याकडच्या गुंठामंत्र्याच्या कमरेला असलेलं परवान्याचं पिस्तूल स्वसंरक्षणासाठी कमी आणि लग्नाच्या मांडवात मिरवायला जास्त असतं, हे खेड-मावळात कुणाला सांगायला नको. पण भाडेकरार खरा की खोटा हे त्या सोसायटीत जाऊन बघणारा शिपाई दिल्लीहून येणार आहे का? केंद्राने त्याच्या वाट्याचं केलं आहे: प्रत्येक परवान्याला देशभराच्या नोंदीतला एकच क्रमांक दिला आहे. दार ठोठावायचं काम इथल्या ठाण्याचं.

एका जागी मात्र राज्याचा कायदा मागणाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ती जागा कोयत्याची. खेड-शिरूरच्या उसात आणि मोशीच्या शहाळ्याच्या गाडीवर तो रोजचा. त्यामुळे केवळ शेती-घरकामाच्या वस्तू कायद्याने शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. कलम ४ लावायचं तर त्या भागापुरती अधिसूचना लागते, आणि ती काढण्याचा मूळ अधिकार केंद्राचा. कोणत्या गल्लीत कोयते नाचवून रील काढतात हे दिल्लीतल्या गृहमंत्रालयाला कसं कळणार, हा सवाल योग्यच. पण त्याला घटनादुरुस्ती कशाला हवी? कलम ४३ प्रमाणे केंद्राला हे अधिकार राज्याकडे सोपवता येतात. दिल्लीच्या प्रशासनाने १९८० मध्ये बटणाच्या चाकूंसाठी अशी अधिसूचना काढलीच होती. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश आयुक्त स्वतःच्या सहीने काढतात, तो मोडला तर कलम १३५ प्रमाणे चार महिने ते एक वर्ष कैद आहे. आणि टोळीच मोडायची असेल तर १९९९ चा मोक्का आहे. तो महाराष्ट्राने स्वतः केला आणि सर्वोच्च न्यायालयात टिकवला.

तेव्हा अधिकार नाहीत ही सबब चालणार नाही. बेकायदा पिस्टलच्या खटल्याला शस्त्र कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्याची, म्हणजे इथे पोलीस आयुक्तांची, पूर्वमंजुरी लागते. ती नीट विचार करून आणि वेळेत दिली नाही तर पकडलेला आरोपी तांत्रिक मुद्द्यावर सुटतो, मग कायदा मुंबईचा असो वा दिल्लीचा. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये बेकायदा शस्त्रांबाबत प्रत्येक राज्याला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं, ते उगाच नाही.

भोसरी, पिंपरी, चिंचवड, मावळ आणि खेड-आळंदीच्या मतदारांनी आपापल्या आमदाराला गाठून एवढंच म्हणावं: नवा कायदा मागू नका, येत्या नागपूर अधिवेशनात तारांकित प्रश्न टाका. गेल्या तीन वर्षांत ३(२५) चे गुन्हे किती, त्यांत पूर्वमंजुरी किती दिवसांत मिळाली, शिक्षा कितींना झाली, मुख्य सचिवांच्या समितीने काय केलं आणि आयुक्तालयातल्या किती परवानाधारकांचे पत्ते प्रत्यक्ष जाऊन तपासले? उत्तर द्यायची जबाबदारी राज्याच्या गृहखात्याची आहे.