चौथाई पगाराचा दरोडा

चोर-पोलिसांच्या इंग्रजी चित्रपटांत ‘हीट’चे नाव आजही अगत्याने घेतले जाते. मायकल मान यांनी तो १९९५ साली काढला. लॉस एंजेलिस शहर, तिथला डिटेक्टिव्ह व्हिन्सेंट हॅना आणि तो ज्याच्या मागावर आहे तो सराईत दरोडेखोर नील मॅकॉली. हॅना झालेत अल पचिनो, मॅकॉली झालेत रॉबर्ट डी नीरो. गोष्ट अगदीच कपोलकल्पित नाही. चक ॲडमसन या शिकागोच्या डिटेक्टिव्हने याच नावाच्या दरोडेखोराचा पाठलाग केला होता, एकदा त्याच्यासोबत कॉफीही घेतली होती. १९६४ मध्ये तो मॅकॉली पोलिसांच्या गोळीने मेला.

तरुण मंडळी या चित्रपटातल्या भर रस्त्यावरच्या गोळीबाराबद्दल बोलतात. जाणती माणसे दोन मोठे नट समोरासमोर कॉफी पितात त्या प्रसंगाबद्दल बोलतात. आम्हाला मात्र वाचकांचे लक्ष तिसऱ्याच माणसाकडे वेधायचे आहे. त्याचे नाव डोनाल्ड ब्रीडन.

ब्रीडन हा कृष्णवर्णीय तरुण. शिक्षा भोगून पॅरोलवर सुटलेला. त्याला एका हॉटेलात तव्यापाशी काम मिळते. पहिल्याच दिवशी मॅनेजर बजावतो की, हातात पडणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा मला द्यायचा. तक्रार केलीस तर तुझ्यावरच आळ घेईन आणि तुला परत तुरुंगात पाठवीन. ब्रीडन मुकाट्याने ऐकतो. घरी लिलियन त्याला धीर देते, तुझा मला अभिमान वाटतो असे सांगते.

आमचा पेशा हिशेबाचा, म्हणून आम्ही हा हिशेब मांडतो. शंभरातले पंचवीस गेले, म्हणजे महिन्यातला एक आठवडा माणूस फुकट राबला. वर्षाचे तीन महिने फुकट! कागदावर पूर्ण मजुरी आणि हातात कमी, हा प्रकार आपल्याकडच्या ठेकेदारीतही अनोळखी नाही.

बँक लुटायच्या दिवशी टोळीचा ड्रायव्हर ऐनवेळी गळतो. मॅकॉली त्या हॉटेलात येतो, तुरुंगातला जुना ओळखीचा ब्रीडन त्याला दिसतो. मॅकॉली विचारतो, ब्रीडन क्षणभर थांबतो, मॅनेजरला ढकलून देतो आणि निघतो. त्याच दिवशी तो गाडीच्या चाकामागे मरतो. लिलियनला ती बातमी टीव्हीवर कळते.

बाकीच्यांनी दरोडा हा धंदा म्हणून पत्करलेला आहे. ब्रीडनला मात्र सचोटीनेच जगायचे होते. बँक लुटणाऱ्यांच्या मागे शहराचे सारे पोलीसदल धावते. हॅना तर त्यापायी तिसरा संसारही गमावून बसतो, सावत्र मुलगी जीव द्यायला निघते तोवर घराकडे त्याचे लक्षच नसते. पण दर पगाराला गरिबाचा चौथा हिस्सा लुटणारा जो मॅनेजर, त्याच्या मागे एकही डिटेक्टिव्ह लागत नाही. तो दरोडा पोलिसांच्या दप्तरी नोंदलाच जात नाही.

दरोड्यात जाणाऱ्याचा दोष आम्ही झाकत नाही. त्या लुटीत निरपराध माणसे मरतात, आणि ब्रीडनने आपल्या पायांनीच ती वाट धरली. परंतु त्याला पूर्ण पगार आणि माणुसकीचे दोन शब्द मिळाले असते, तर मॅकॉलीला तो इतक्या सहज हाती लागला असता का?

वाचकहो, हा चित्रपट मुलांना दाखवायचा तर ती जाणत्या वयाची झाल्यावर दाखवा, कारण रक्तपात पुष्कळ आहे. दाखवलात तर नंतर नायक कोण ते विचारू नका. ब्रीडनला कोणी मारले, एवढेच विचारा. आणि आपल्या वस्तीत कोणी शिक्षा भोगून परत आला असेल, तर त्याला काम द्या, आणि पगार पुरता द्या.