एक लहानसा प्रोग्राम पुरा करा

अलीकडे वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांत वेबवरील प्रोग्राम रचण्याची हौस वाढत चालली आहे. ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. मात्र ह्या हौसेस जे वळण लागत आहे, त्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट ही फ्रेमवर्कांची नावे मुलांच्या तोंडी असतात. त्यांवरील तासच्या तास चालणारे व्हिडिओ ते पाहतात, त्यांतील शिक्षक जे लिहील ते अक्षरशः उतरवून घेतात, आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळवितात. परंतु कोरा पडदा पुढे ठेवून "आता एक लहानशी यादी तू स्वतः करून दाखव" असे म्हटले, की हात जागच्या जागी थांबतो. विहिरीच्या काठावर बसून दुसऱ्याचे पोहणे कितीही वेळ न्याहाळले, तरी पाणी आपणांस उचलून धरीत नाही.

आमचे मत असे आहे की, ज्यास फ्रेमवर्क शिकावयाचे असेल त्याने एक लहान व उपयोगी प्रोग्राम आरंभापासून शेवटपर्यंत स्वहस्ते पुरा करावा; आणि तत्पूर्वी तोच प्रोग्राम एकदा फ्रेमवर्काच्या साहाय्यावाचून करून पाहावा. ह्या दुहेरी श्रमाचे कारण पुढे सांगतो.

प्रथम फ्रेमवर्क म्हणजे काय, हे पाहू. ब्राउझरमधील पानास हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक ह्यांनी अवघ्या दहा दिवसांत प्रथम सिद्ध केली. त्या काळी तिच्याकडून अपेक्षा लहान होती. पुढे पानांवर पत्रे लिहिली जाऊ लागली, नकाशे सरकू लागले, दुकाने चालू लागली. आणि एकाच पानावरील शेकडो गोष्टी एकमेकींशी जुळत्या ठेवण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर पडले. हे काम किती कठीण आहे, हे आमच्या वाचकांस वर्गातील फळ्यावरून सहज कळेल. फळ्याच्या कोपऱ्यात 'पट ४०, हजर ३७' असे लिहिलेले असते. तास सुरू झाल्यावर एक विद्यार्थी उशिरा येतो. गुरुजी हजेरीपटावर खूण करतात. पण फळ्यावरील ३७ चे ३८ करावयाचे राहून जाते. आता हजेरीपट एक सांगतो आणि फळा दुसरेच सांगतो. खोटे कोणी बोललेले नाही, तरीही असत्य फळ्यावर उभे आहे!

साध्या जावास्क्रिप्टमध्ये पान रचताना हेच पदोपदी घडते. माहिती एका ठिकाणी बदलते, आणि ती पानावर जेथे जेथे दाखविली असेल तेथे तेथे जाऊन प्रत्येक आकडा व प्रत्येक ओळ आपणच बदलावी लागते. एक जागा विसरली की पान चुकीचे बोलू लागते. फ्रेमवर्क हा भार उचलते. "हजर मुलांची संख्या हजेरीपटावरून मोजावी" एवढा नियम आपण एकदा सांगून ठेवावयाचा. हजेरीपट बदलला की फळा आपोआप बदलतो. माहिती एकाच जागी असावी आणि पान हे तिचे प्रतिबिंब असावे, हे ह्या विद्येचे मर्म होय. फेसबुकने २०१३ साली सार्वजनिक केलेले रिॲक्ट, २०१४ सालचे व्ह्यू आणि २०१६ सालचे स्वेल्ट ह्यांच्या रीती निरनिराळ्या आहेत. मर्म मात्र एकच.

परंतु ज्याने फळ्यावरचा आकडा स्वतः कधी पुसला नाही, त्यास ह्या सोयीची किंमत कशी कळावी? म्हणूनच आम्ही म्हणतो की, आधी एकदा साधनावाचून करून पाहावे.

आता कोणता प्रोग्राम करावा? आम्ही वर्गाच्या पुस्तकपेटीची नोंदवही सुचवितो. पेटीतील पुस्तकांची यादी असावी. नवे पुस्तक लिहिता यावे. पुस्तक कोणी नेले तर त्याचा हजेरी क्रमांक नोंदता यावा. परत आले की नोंद सुटावी. आणि 'पेटीत शिल्लक किती, बाहेर किती' हे वर दिसावे. ह्यापलीकडे काही नको. हे काम क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. निरनिराळ्या फ्रेमवर्कांची तुलना करण्यासाठी 'टुडूएमव्हीसी' नावाचा जो प्रकल्प जाणकारांनी चालविला, त्यात कामांची एक साधी यादीच निवडलेली आहे. तीच यादी प्रत्येक साधनात पुन्हा लिहावयाची आणि मग फरक पाहावयाचा. लिहिणे, बदलणे, काढून टाकणे व मोजणे एवढ्या चार क्रियांत ह्या विद्येचा बहुतेक पाया येऊन जातो.

साधनांपैकी आरंभास आम्ही व्ह्यू घ्यावे असे म्हणू. इव्हान यू हे गूगलमध्ये अँग्युलरजेएस वापरून काम करीत असताना, त्यातील आपणांस आवडलेला भाग तेवढा घेऊन काही हलके साधन करता येईल काय, ह्या विचारातून त्यांनी ते रचले. त्याची एक फाइल उतरवून घेऊन आपल्या पानास एका ओळीने जोडली की काम सुरू होते. दुसरी कोणतीही मांडणी लागत नाही, आणि पुढे इंटरनेट नसले तरी अडत नाही. 'रेफ' ह्या साधनाने पुस्तकांची यादी एका जागी ठेवावी. 'व्ही-फॉर' ह्या सूचनेने यादीतील प्रत्येक पुस्तकासाठी पानावर एक ओळ उभी करावी. 'व्ही-मॉडेल'ने लिहिण्याची चौकट माहितीशी जोडावी. आणि शिल्लक पुस्तकांची संख्या 'कॉम्प्युटेड'कडे सोपवावी. हीच ती फळ्यावरची हजेरी. ती आता आपली आपण बदलते.

एवढे झाले म्हणजे विद्यार्थ्यास वाटते की काम संपले. खरे शिक्षण येथूनच सुरू होते. पान पुन्हा उघडावे, तो सर्व पुस्तके नाहीशी! यादी संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात होती, ती पानाबरोबर गेली. मग ब्राउझरमधील 'लोकलस्टोरेज' ह्या कप्प्याची ओळख होते. ह्या कप्प्यात केवळ मजकूर राहतो. म्हणून यादीस आधी मजकुराचे रूप द्यावे लागते व वाचताना पुन्हा तिची यादी करावी लागते. शिवाय हा कप्पा त्या एका ब्राउझरपुरताच असतो. दुसऱ्या संगणकावर ती नोंदवही रिकामीच दिसते, हेही ध्यानात येते. नंतर कोणी नाव न लिहिताच 'नोंदवा' हे बटण दाबतो आणि यादीत एक निनावी पुस्तक येऊन बसते. तेव्हा आलेली माहिती तपासून घ्यावी, हा धडा मिळतो.

ह्याहून सूक्ष्म अडचण पुढे येते. समजा, प्रत्येक ओळीत हजेरी क्रमांकाची एक सुटी चौकट ठेवली आहे, आणि ती अद्याप माहितीशी जोडलेली नाही. दुसऱ्या ओळीत कोणी क्रमांक लिहिला. परंतु तो नोंदण्यापूर्वीच पहिले पुस्तक यादीतून काढले. पाहावे तो क्रमांक आता तिसऱ्या पुस्तकापुढे दिसत आहे! एकाने नेलेले पुस्तक दुसऱ्याच पुस्तकाच्या नावे लागण्याची वेळ आली. असे होते, कारण स्वतंत्र ओळख न दिल्यास व्ह्यू ओळी हलवीत नाही. आहे त्याच जागी त्यांतील मजकूर बदलते. प्रत्येक पुस्तकास न बदलणारा दाखल क्रमांक देऊन तो 'की' म्हणून सांगितला की दोष जातो. वाचनालयात पुस्तकावर दाखल क्रमांक का घालतात, ह्याचे उत्तर विद्यार्थ्यास येथे नव्याने सापडते. व्हिडिओत हा दोष दिसत नाही. कारण तेथे शिक्षक आधीच 'की' लिहून मोकळा झालेला असतो.

कोणी म्हणेल, "फ्रेमवर्के आज आहेत, उद्या नाहीत, मग एवढे श्रम कशास?" आक्षेप रास्त आहे. २०१० साली गूगलने दिलेल्या अँग्युलरजेएसवर असंख्य पाने उभी राहिली. २०१६ साली त्याचा उत्तराधिकारी अँग्युलर आला, तो पूर्वीच्याशी सरळ जुळणारा नव्हता. आणि २०२१ च्या अखेरीस जुन्याचा सांभाळ थांबला. ज्यांनी केवळ त्याच्या आज्ञा पाठ केल्या होत्या, त्यांचे पाठांतर वाया गेले. परंतु ज्यांस माहिती आणि पान ह्यांचा संबंध कळला होता, त्यांनी दुसरे साधन हाती घेतले व काम पुढे चालविले. म्हणून फ्रेमवर्काखालची भाषा आणि विचार ह्यांकडे अधिक लक्ष द्यावे, हेच आमचे सांगणे आहे.

उसन्या साधनांविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१६ च्या मार्च महिन्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या अकरा ओळींचा प्रोग्राम त्याच्या कर्त्याने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला, आणि त्यावर नकळत विसंबलेले जगभरचे मोठमोठे प्रकल्प काही काळ उभारता येईनात. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्या अकरा ओळींचे काम! उसने घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. काय उसने घेतले आहे ते ठाऊक असावे, एवढेच म्हणतो.

ह्याच न्यायाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा विचार करावा. आज मराठीत सांगितले तरी संगणक पुस्तकपेटीचा प्रोग्राम क्षणार्धात लिहून देतो. त्यास बंदी घालावी असे आम्हांस वाटत नाही. अडलेल्या ठिकाणी विचारण्यास तो चांगला सोबती आहे. परंतु गणिताच्या पुस्तकामागील उत्तरे आधी पाहणाऱ्यास गणित येत नाही, हे विद्यार्थी जाणतातच. येथे एक सोपी कसोटी सांगतो. प्रोग्राम कोणीही लिहिलेला असो. त्यातील कोणत्याही दहा ओळी पुसाव्यात आणि न पाहता पुन्हा लिहून तो चालू करावा. जमले तर तो प्रोग्राम तुमचा. न जमले तर तो अद्याप दुसऱ्याचाच आहे.

शेवटी पालकांस विनंती. ह्या शिक्षणासाठी मोठे शुल्क भरलेच पाहिजे, असा पुष्कळांचा समज आहे आणि त्यापायी कित्येक घरांत ओढाताण होते. व्ह्यू आणि रिॲक्ट ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. त्यांची अधिकृत माहितीही विनामूल्य वाचावयास मिळते. आणि वर वर्णिलेले काम शाळेतील जुन्या संगणकावर, आठवड्यातील थोड्या तासांत होण्यासारखे आहे. ज्यास शिकवणीची गरज असेल त्याने ती अवश्य लावावी. पण मुलाची प्रगती प्रमाणपत्रांच्या संख्येवर मोजू नये. "तुझ्या नोंदवहीत माझ्या नावे एक पुस्तक लिहून दाखव, आता ते परत घे, आता पान बंद करून पुन्हा उघड," एवढेच सांगावे. ह्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. आणि मुलगा किंवा मुलगी खरोखर काय शिकली, हे ह्यावरून पाच मिनिटांत कळते.

असो. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत दहा साधनांची तोंडओळख करून घेण्याऐवजी एकच लहानसा प्रोग्राम पुरा करा. तो वर्गाच्या ग्रंथप्रमुखाच्या हाती द्या आणि पहिला महिनाभर कागदी वहीही शेजारी चालू ठेवा. रोज सायंकाळी वहीतील शिल्लक व पडद्यावरील शिल्लक ताडून पाहा. जुळली नाही तर दोष शोधा, दुरुस्त करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडा. महिनाभर दोन्ही आकडे एक येत राहिले, म्हणजे पुढील मोठ्या कामास तुम्ही हात घालण्यास हरकत नाही.