विश्लेषण : ‘नीट’मध्ये पहिल्यांदा अपयश, दुसऱ्या प्रयत्नात काय बदलावे?

एमबीबीएसची जागा हुकली की घरात एकच चर्चा सुरू होते : वर्षभर थांबायचे, की मिळेल तो अभ्यासक्रम घ्यायचा? निर्णयाआधी नियम समजून घेणे गरजेचे आहे.

पुन्हा परीक्षा देता येते?
होय. ‘नीट-यूजी’ला प्रयत्नांची मर्यादा नाही. २०२२ पासून कमाल वयाची अटही नाही. मात्र जुने गुण पुढच्या वर्षीच्या एमबीबीएस प्रवेशाला चालत नाहीत.

बारावी पुन्हा द्यावी का?
गुणवत्ता यादी ‘नीट’वरच ठरते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५०, तर राखीव प्रवर्गाला ४० टक्के हवेत. तेवढे असतील, तर गुण वाढवण्यात वेळ घालवू नये.

गुण कुठे वाढतील?
७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकले तर १ वजा. अंदाजाने दिलेली २० उत्तरे चुकली, तर कमावलेले २० गुण जातात. त्यामुळे नवा क्लास शोधण्यापूर्वी जुन्या चुकांची वर्गवारी करावी : आलेच नाही, घाईत चुकले, अंदाज फसला. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

कागदपत्रांचे काय?
राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. अधिवास, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रांसाठी आताच अर्ज करावा. चांगले गुण असूनही कागदाअभावी हक्काची जागा जाऊ शकते.